उजव्या कमरेची ओटी

एसएलआर रायफलीचं मॅगझिन बदलताना उजव्या हाताचा शिपाई मुठीवरचा हात सोडत नाही. सगळं काम डावा हात करतो. रिकामं मॅगझिन काढायचं, डाव्या कमरेच्या पाऊचमधून भरलेलं घ्यायचं, त्याची पुढची आकडी आधी अडकवायची आणि मागची बाजू स्वतःकडे ओढायची. खट् असा आवाज आला की तोच हात वर नेऊन रायफलीच्या डाव्या अंगाचं कॉकिंग हँडल मागे खेचून सोडायचं. एवढ्यानं पहिली गोळी चढते. पुढच्या गोळ्या रायफल आपल्या आपण चढवते, घोडा तेवढा दर वेळी दाबावा लागतो. हे मी इतक्या पोरांना शिकवलं आहे की आजही गॅसच्या सिलेंडरला रेग्युलेटर बसवताना माझे कान त्या खट्‌ची वाट पाहतात.

मी राज्याच्या सशस्त्र पोलिसांत शिकवणारा हवालदार होतो. रंगरूट आम्हाला उस्ताद म्हणत. निवृत्त होऊन सौसरला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण गावात अजून कोणी नावानं हाक मारत नाही, उस्तादच म्हणतात.

माझ्या हाताखाली मोहगावचा एक रंगरूट आला होता. तो ट्रेनिंग अर्धवट सोडून परत आला आणि उरलेलं आयुष्य त्यानं दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करण्यात काढलं. तो आता नाही. रायफलीच्या आवाजाला घाबरून तो पळून आला, असं मोहगावात आणि आमच्या सौसरच्या बाजारात सगळे मानतात. ही गोष्ट खोटी आहे आणि ती पहिल्यांदा मी सांगितली होती.

तो डावखुरा होता. आमच्याकडे अशा पोराला डावऱ्या म्हणतात, घरात प्रसाद घेताना त्याच्या हातावर चापट बसते. चापट खाऊन लिहायला-जेवायला उजवा हात शिकलेले पुष्कळ डावखुरे मी पाहिले होते, त्यामुळे रायफलीलाही तोच इलाज चालेल अशी माझी समजूत होती. पहिल्या दिवशी त्यानं रायफल डाव्या खांद्याला लावली, मी ती उजव्या खांद्याला लावायला सांगितलं. त्यानं लावली. उजव्या खांद्यावरून त्याची नेमबाजी सुमार होती आणि गोळी सुटताना त्याचे डोळे मिटत, कारण त्याचा सगळा जोर डाव्या डोळ्यावर होता, तो आता निशाणावर येत नव्हता आणि उजव्यानं पाहायला गेला की दोन्ही मिटायचे.

एकदा रेंजवर मी दुसऱ्या टोकाला असताना त्यानं रायफल हळूच डाव्या खांद्यावर घेतली. मी ते दुरून पाहिलं. त्याचं मॅगझिन संपलं, तेव्हा त्यानं जे केलं ते मला आजही दिसतं. कमरपट्ट्यावरचं पाऊच त्यानं डावीकडून उजवीकडे सरकवून घेतलं होतं. उजव्या हातानं रिकामं मॅगझिन काढलं, उजव्याच कमरेवरून भरलेलं घेऊन चढवलं आणि तो हात पुन्हा पुढे नेऊन रायफल तोलून धरली. मग डावा हात मुठीवरून सोडला, डाव्या अंगाचं हँडल खेचलं आणि हात मुठीवर परत. नळी जराही हलली नाही. त्याच्या बाजूचा पोरगा अजून मॅगझिनची आकडी शोधत होता.

मी धावत गेलो. मुठीवरचा हात सोडायचा नाही हा माझा पहिला धडा होता आणि त्यानं तो मोडला होता. शिवाय पूर्ण रांगेत त्याचं एकट्याचं पाऊच उलट्या बाजूला. पाऊच काहून सरकवलं म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "उस्ताद, ज्या हातानं घ्यायचं त्या बाजूले पाह्यजे." मी म्हणालो, वर्दीत चालत नाही. रायफल डोक्यावर धरून मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तो पडेपर्यंत.

माझ्याच भागातला म्हणून मी त्याच्यावर जास्त कडक होतो. आपल्या तहसीलच्या पोराला उस्ताद सांभाळतो, असं कोणी म्हणू नये ही मला धास्ती होती. तो बौद्ध मजुरांच्या घरातला आणि मी संत्र्याची बाग असलेल्या कुणब्याच्या घरातला. ट्रेनिंगमधल्या एका पोरानं तेव्हा तोंडावर म्हटलं होतं, की त्याच्या जागी तुमच्या आळीतला असता तर असं पळवलं नसतं. मी त्याला झापलं. आज तोच प्रश्न मी स्वतःला विचारतो, तेव्हा 'नाही, सगळ्यांशी सारखाच वागलो असतो' असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

पुढे फायरिंगच्या परीक्षेत तो नापास झाला, पुन्हा नापास झाला आणि त्याला घरी पाठवलं. मी सुट्टीवर सौसरला आलो तेव्हा बस स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर लोकांनी विचारलं, मोहगावचं पोरगं काहून परत आलं. मला शिकवता आलं नाही, असं म्हणायला जीभ वळेना. मी म्हणालो, "आवाजाले भेते तो." लोक हसले. चहा संपला, मी घरी गेलो. एवढंच.

ते वाक्य माझ्याआधी मोहगावला पोचलं. पुढच्या दिवाळीत पोरांनी त्याच्या दारात सुतळी बॉम्ब लावले. लग्नाच्या वरातीत फटाक्यांची लड वाजली की चार माना त्याच्याकडे वळायच्या. हे मला सुट्टीत येता-जाता कळत होतं. मी कधी काही बोललो नाही.

सौसरच्या शाळेच्या मैदानावर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं धावतात, मोहगाव-रामाकोन्यापासून येतात. मी फिरायला जातो, तिथं बसतो. कोणाची उडी चुकते, कोणाचा गोळा खांद्याच्या मागून फेकला जातो, ते सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी तिथं एक पोरगी गोळा फेकताना दिसली, डाव्या हातानं. कुठली म्हणून विचारलं, मोहगावची निघाली. आजीजवळ राहते म्हणाली. आजोबांचं विचारलं, तर म्हणाली, "तेबी एकडाव पोलिसात गेले होते. पण मंग आले वापस." आणि खाली पाहत बुटाची नाडी बांधायला लागली.

त्या दिवसापासून मी तिच्याकडे जास्त लक्ष दिलं. ते सांगायला बरं वाटतं, पण खरं हे की तिला गोळाफेक शिकवणं तिच्या आजोबाविषयी बोलण्यापेक्षा सोपं होतं. तिची निवड झाली. पेढे घेऊन आली, पाया पडली. तेव्हाही मी काही बोललो नाही.

या दिवाळीत ती ट्रेनिंगमधून थोड्या दिवसांच्या सुट्टीवर आली आणि मैदानावर मला शोधत आली. चेहरा उतरलेला. धावणं, कवायत, कायद्याचा पेपर, सगळ्यात ती पुढे होती. फक्त रायफल भरण्यात अडकली होती. परीक्षेत ठरलेल्या वेळात मॅगझिन बदलून पुढचे फायर करायचे असतात, तिची वेळ मॅगझिन बदलण्यातच संपत होती. परत गेल्यावर शेवटची संधी होती. ती हुकली तर ही बॅच सोडून खालच्या बॅचमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

मी विचारलं, उजव्या खांद्यानं चालवतेस का. ती मला आबाजी म्हणायची, स्वतःच्या आजोबाला म्हणायची तसंच.

"नाही ना आबाजी. आमचे उस्ताद म्हणतात, तू डाव्यानंच चालव, काही हरकत नाही. पण डाव्यानं भरायचं कसं ते त्यायलेबी मालूम नाही. म्हणतात, तूच शोध."

 तिचा उस्ताद माझ्या मुलापेक्षा लहान असेल. त्याला जे येत नव्हतं ते त्यानं येत नाही म्हणून सांगितलं होतं आणि पोरीचा खांदा बदलला नव्हता.

घरी सागाच्या फळीची एक रायफल होती. नातवंडांसाठी कधी तरी सुताराकडून करून घेतली होती, वजन मात्र मी मुद्दाम खऱ्यासारखं ठेवायला लावलं होतं. मी त्या फळीला लाकडी ठोकळ्याचं मॅगझिन बसवलं, पुढे वाकवलेला खिळा, मागे कपाटाच्या दाराचा खटका. डाव्या बाजूला हँडल म्हणून दरवाज्याची कडी ठोकली. दुसऱ्या दिवशी ती अंगणात आली आणि मी तिला हातांच्या हालचाली दाखवल्या. उजवा हात मॅगझिनला. उजवा हात परत पुढे, रायफल तोलायला. मग डावा हात मुठीवरून सोड, हँडल खेच, परत ये.

"मुठीचा हात सोडू? आमाले नाही म्हणतात."

"सोड. खेचायच्या वेळी बोट घोड्यापासून लांबच असलं पाहिजे. तुझं आपोआप लांब राहतं."

हे वाक्य बोलताना मला जाणवलं, की इतक्या वर्षांत हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. त्याची पद्धत चपळ होती एवढंच नव्हे, ती माझ्या पद्धतीपेक्षा सुरक्षितही होती.

तिनं केलं. पहिल्यांदा ठोकळा पायावर पडला, मग जमत गेलं. हँडल खेचताना रायफल डगमगत नव्हती हे तिलाही कळलं. हसून म्हणाली, "आबाजी, भारी शोध लावला तुमी."

मी पाणी प्यायला आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा ती थांबून विचार करत होती. अजून एका जागी वेळ जात होता. पाऊच म्हणून बांधलेली पिशवी डाव्या कमरेला आणि मॅगझिन घ्यायला हात उजवा, त्यामुळे दर वेळी हात पोटावरून आडवा न्यावा लागत होता. तिनं विचारलं, "पाऊच इकडे घेतलं तर?"

आणि माझ्या तोंडून आलं, "वर्दीत चालत नाही."

तेच शब्द आणि तोच आवाज. तिनं मान हलवली आणि पुन्हा आडवा हात न्यायला लागली. माझा शब्द तिला पुरेसा होता, तिच्या आजोबाला होता तसाच. मी तिला म्हणालो, आज बस. दुपारी तुझ्या घरी येतो.

मोहगावला मी अनेकदा गेलो होतो, त्या घरी कधी नाही. दोन खोल्या, पुढे पत्र्याचं छप्पर, ओट्यावर वेचून आणलेल्या कापसाचं गाठोडं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या बाजूला त्याचा फोटो, म्हातारपणचा. मी हात जोडून नमस्कार म्हटलं. आजी जय भीम म्हणाली आणि नातीला चहा ठेवायला सांगितलं. ती मला ओळखत होती, सौसरचे उस्ताद म्हणून, नातीला गोळाफेक शिकवणारे म्हणून. तिनं माझे आभार मानायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं.

मी सगळं सांगितलं, इथं लिहिलं त्याच क्रमानं. डावा खांदा, रेंज, पाऊच, मैदानाच्या फेऱ्या, मग टपरी. नात चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. भरायची ही पद्धत मी शोधली नाही, तुझ्या आजोबानं शोधली आणि मी त्याबद्दल त्याला शिक्षा केली, असं तिला सांगितलं. बाहेर कुठेतरी फटाक्यांची लड वाजली आणि आजीनं दाराकडे पाहिलं.

आजीनं पहिल्यांदा जे विचारलं त्याची मी कल्पना केली नव्हती. म्हणाली, "मंग ते चांगले चालवत होते का, बंदूक?"

"डाव्या खांद्यानं, हो. माझ्या रांगेत त्याच्यासारखं कोणी भरत नव्हतं."

तिनं पदराच्या टोकाशी चाळा केला. तिला आवाजाचं कधीच खरं वाटलं नव्हतं, हे तिनं सांगितलं. विहिरीत सुरुंग लावणाऱ्या माणसाच्या हाताखाली तो दोन उन्हाळे कामाला होता, आवाजाला भिणारा माणूस तिथं टिकतो का. पण तो स्वतः काही बोलत नसे. दिवाळीच्या संध्याकाळी मात्र शेतात निघून जायचा, राखण आहे म्हणून. दुसऱ्याच्या शेतात, दिवाळीच्या दिवशी कसली राखण. तिनं पोरांसाठी केलेल्या करंज्या त्याला दुसऱ्या दिवशी शिळ्याच मिळायच्या.

मी माफी मागितली. 

"माह्याजवळ सांगून काय होते? मले तर मालूमच होतं. तुमी जेथं सांगतलं तेथं सांगा."

मी हो म्हणालो. त्यावर तिनं मान हलवली आणि विषय बदलला, म्हणजे नातीकडे वळली. रायफल भरताना नक्की कुठं अडते ते दाखव म्हणाली. पोरीनं लाटणं रायफलीसारखं धरून दाखवलं, उजवा हात पोटावरून आडवा डाव्या कमरेकडे. आजी हसली. कापूस वेचताना बाया कमरेला फडक्याची ओटी बांधतात, बोंडातून काढलेला कापूस बघायला न लागता हात तिच्यात टाकतो. तिनं गाठोड्यातलं एक फडकं ओढलं आणि नातीच्या उजव्या कमरेला गाठ मारली.

"नवी बाई येते वावरात, तवा हेच चुकते. ओटी भलत्या बाजूले बांधते अन् मंग दिवसभर हात फिरवते. तुहे आबाजी सगळ्यायले सांगत, ज्या हातानं काम त्या बाजूले ओटी."

मी ते वाक्य रेंजवर ऐकलं होतं. जवळजवळ तेच. तो काही नियम मोडत नव्हता, त्याला जे कामातून माहीत होतं ते तो मला सांगत होता.

नातीनं तिथूनच तिच्या उस्तादाला फोन लावला. पाऊच उजवीकडे बांधलं तर चालेल का, एवढंच विचारलं. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला नाही. ती फोन ठेवून म्हणाली, "म्हणतात, कुठंबी बांध, फक्त झाकण बंद पाहिजे." मी ज्याला आयुष्यभर नियम समजत होतो तो कुठं लिहिलेला नव्हता. रांग एकसारखी दिसावी ही माझी हौस होती.

सुट्टीचे उरलेले दिवस ती माझ्या अंगणात आली. फडक्याच्या ओटीत लाकडी ठोकळे घेऊन सराव करत होती. शेवटी शेवटी मी तिला डोळे मिटून करायला लावलं आणि तेही जमलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सौसरचा बाजार होता.

टपरी आता त्या जागी नाही, तिथं मोबाइलचं दुकान आहे. चहा दोन दुकानं सोडून मिळतो आणि म्हातारे तिथं बसतात. मी चहा घेतला आणि सांगितलं. त्या वेळी हसलेल्यांपैकी दोघंच उरले होते. एकजण पांढुर्ण्याला मुलाकडे राहतो, सणासाठी आला होता. तो म्हणाला, "काहून जुनं उकरून राहिले भाऊ, माणूस तर गेला." दुसऱ्याला ऐकायला कमी येतं. त्याला पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे बाजारात शेजारी वांगी विकणाऱ्या बाईनंही ऐकलं आणि ती मोहगावची निघाली. तिनं सरळ विचारलं, "म्हणजे तुमी खोटं बोलले होते?" मी हो म्हणालो. तिनं तराजू खाली ठेवला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गिऱ्हाइकाकडे वळली. माझं वाक्य एके काळी ज्या वेगानं मोहगावला गेलं होतं, त्याच वेगानं हेही जाईल याची मला खात्री पटली.

मग पोरीचा फोन आला. "झालं, आबाजी." मी आधी विचारलं, वेळेत? वेळेत, म्हणाली, वेळ उरला. नेम काही फार छान लागला नाही, एक गोळी कुठं गेली तिलाही माहीत नव्हतं, पण पास होण्यापुरतं झालं. तिच्या उस्तादानं तिला पुन्हा सगळ्यांसमोर मॅगझिन बदलून दाखवायला लावलं. बॅचमध्ये आणखी एक डावखुरी पोरगी होती, ती आता हिच्याजवळून शिकत होती.

"त्यायनं विचारलं, कोणी शिकवलं. म्या सांगतलं, माह्या सख्ख्या आबाजीनं. ते म्हणाले, पोलिसात होते का? म्हटलं, गेले होते, पण उस्तादाले शिकवता आलं नाही म्हणून वापस आले." मग तिनं विचारलं, "चुकीचं तर नाही सांगतलं?"

"नाही," मी म्हणालो. "बरोब्बर सांगितलंस."

मी मोहगावला निघालो, बातमी द्यायला. आजी घरी नव्हती, वावरात होती. तिला बातमी माझ्याआधी कळली होती. नात पास झाली म्हणून सकाळीच कोणी तरी येऊन तिच्या दारात लड लावून गेलं म्हणाली, आणि ती मुद्दाम घरात न जाता दारातच उभी राहिली होती. हे सांगताना तिचे हात थांबले नव्हते. कापूस चांगला फुटला होता, एकेक पात म्हणजे एकेक ओळ धरून अजून तीन बाया वेचत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना माहीत होतं हे दिसत होतं.

मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहिलो. आजीनं आपल्या डोक्यावरचं फडकं सोडलं आणि माझ्याकडे फेकलं.

"उभे काहून राहिले, उस्ताद? एक पात धरा."

मी फडकं कमरेला बांधलं. गाठ मारून वर पाहिलं, तर बाया हसत होत्या. मी उजव्या हाताचा माणूस, आणि सवयीनं ओटी डावीकडे बांधली होती, पाऊचसारखी. आजीनं काही म्हटलं नाही, नुसतं बोटानं दाखवलं. मी गाठ सोडली आणि दुसऱ्या बाजूला बांधली.